रिपोर्टातले पांढरे ठिपके आणि ओठांवर अडकणारी नावं

पत्र : माझं वय ६८. पोस्टातून निवृत्त झाले. बीपीची गोळी बारा वर्षं चालू आहे, अ‍ॅसिडिटीची गोळी सात-आठ वर्षं रोज उपाशीपोटी घेते. पूर्ण शाकाहारी आहे. गेले दोन महिने सकाळी उठताना चक्कर येते म्हणून डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय करायला सांगितला. रिपोर्टात 'पेरिव्हेंट्रिक्युलर व्हाइट मॅटर हायपरइंटेन्सिटीज, फाझेकास ग्रेड १, एज रिलेटेड' असं लिहिलं आहे. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, काळजी करू नका. पण नावं ओठांवर येऊन अडकतात. हळदीकुंकवाला चौघी एकदम बोलू लागल्या की बोलण्याचा धागा सुटतो. भिशीचा हिशेब पंधरा वर्षं मीच ठेवते. तो चुकत नाही, पण पूर्वी अर्ध्या तासात व्हायचा, आता तास लागतो. माझ्या आईला शेवटी माणसं ओळखू येत नव्हती, त्याची धास्ती वाटते. मुलगा म्हणतो, बंगळुरूला ये, डीटीआय नावाचा स्कॅन करू. शेजारच्या बाई म्हणतात, रोज एक अ‍ॅस्पिरिन घे. काय करू? आणि भिशीची वही आता दुसऱ्या कुणाला देऊन टाकू का?
— एक वाचक, सांगली

उत्तर :

ताई, सगळ्यात आधी धास्तीचं बोलू. रिपोर्टातली ती ओळ मेंदूच्या श्वेतद्रव्यात, म्हणजे पेशींना जोडणाऱ्या तंतूंच्या भागात, दिसलेल्या पांढऱ्या ठिपक्यांबद्दल आहे; ती स्मृतिभ्रंशाचं निदान नाही. नेदरलंड्समधल्या रॉटरडॅम इथे ६० ते ९० वयाच्या १०७७ लोकांचे एमआरआय काढून पाहिले होते, तो अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. मेंदूच्या श्वेतद्रव्यात कुठेच असे ठिपके नाहीत, अशी माणसं त्यात फक्त पाच टक्के निघाली. म्हणजे तुमच्या वयात हे ठिपके असणं हा अपवाद नाही. ठिपक्यांची ग्रेड शून्य ते तीन अशी चढत जाते आणि तुमची एक आहे.

तरीही 'वयाचं आहे' एवढ्यावर सोडून देणं आम्हाला पटत नाही. त्यातलं काही खरंच वयाचं असतं आणि काही रक्तदाबाचं. पहिल्याचा वेग आपल्या हातात फारसा नसतो, दुसऱ्याचा बराच असतो.

मेंदूचा जवळजवळ निम्मा भाग श्वेतद्रव्याचा असतो. विचार करणाऱ्या पेशी मुख्यतः वरच्या करड्या थरात आणि आतल्या काही गाठींत असतात. त्यांना एकमेकींशी जोडणारे तंतू म्हणजे श्वेतद्रव्य. या तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टण गुंडाळलेलं असतं आणि पांढरा रंग त्याचाच. वेष्टण असलेल्या जाड तंतूतून संदेश सेकंदाला शंभर मीटरपर्यंत धावतो. वेष्टण नसलेल्या बारीक तंतूत तो सेकंदाला एक-दोन मीटरवर येतो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी मृत्यूनंतर माणसांचे मेंदू तपासून २००३ साली या वेष्टित तंतूंच्या एकूण लांबीचा अंदाज मांडला : विशीतल्या पुरुषात सुमारे १,७६,००० किलोमीटर, स्त्रीत १,४९,०००. वयाच्या दर दहा वर्षांना त्यातले साधारण दहा टक्के कमी होतात, विशीपासून ऐंशीपर्यंत सुमारे ४५ टक्के. आकडा वाचून छातीत धस्स होईल, पण कमी होतात ते प्रामुख्याने बारीक तंतू, जाड तंतू बऱ्यापैकी टिकतात. आणि हे आकडे मेंदूचा आजार नसलेल्या माणसांचेच आहेत.

तंतूंची ही व्यवस्था जन्मतः पूर्ण नसते. ती विशी-तिशीपर्यंत पक्की होत जाते, काही जोडण्या चाळिशीच्या आसपास कळस गाठतात, मग हळूहळू उतार लागतो. हा उतार सगळीकडे सारखा नसतो. कपाळामागच्या भागाला इतर भागांशी जोडणाऱ्या तंतूंना तो आधी लागतो, मागच्या बाजूला उशिरा. दोन्ही अर्धगोलांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम नावाचा जाड पट्टा आहे, त्यात सुमारे वीस कोटी तंतू असतात. त्याचाही पुढचा भाग मागच्या भागाच्या आधी विरळ होतो. जे सर्वांत शेवटी पक्कं झालं तेच आधी सैल पडतं, असा एक सिद्धांत आहे. तो सगळ्या जोडण्यांना लागू पडत नाही, पण पुढून मागे जाणारा हा क्रम अनेक अभ्यासांत दिसला आहे.

कपाळामागचा भाग काय करतो? एका कामातून दुसऱ्यात लक्ष नेणं, नको तो आवाज बाजूला सारणं, हवा तो शब्द नेमक्या वेळी वर काढणं. तुमच्या पत्रातल्या तिन्ही तक्रारी नेमक्या याच खात्यातल्या आहेत.

वेष्टणाचं काय होतं तेही सांगतो. त्याचे थर मधूनमधून सुटतात, फुगतात. मेंदूतल्या ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी ते पुन्हा गुंडाळतात, उतारवयातही. पण नवं वेष्टण आधीपेक्षा पातळ आणि आखूड तुकड्यांचं बनतं, त्यामुळे संदेश थोडा रेंगाळतो. एका तंतूत तो क्षणाचा अंशच असतो. पण एखादं नाव आठवायला चेहरा, आवाज, प्रसंग आणि शब्द अशा चार ठिकाणचे संदेश एकाच वेळी पोचावे लागतात. एक उशिरा आला की नाव ओठांवर अडकतं. दहा मिनिटांनी भाजी निवडताना ते आपोआप आठवतं ना? मग ते पुसलं गेलेलं नाही, उशिरा पोचलं. हाच फरक बघायचा. भिशीचा हिशेब वेळ घेतो पण चुकत नाही, हीसुद्धा निरोगी वार्धक्याचीच खूण आहे.

काळजीचं चित्र याहून वेगळं असतं. काल कुणी येऊन गेलं हेच आठवत नाही, सांगूनही आठवत नाही. तोच प्रश्न तासाभरात तीनदा विचारला जातो. रोजच्या गल्लीत वाट चुकते, पैसे दोनदा दिले जातात. यातलं काही असेल, किंवा घरच्यांना ते दिसत असेल आणि तुम्हाला नाही, तर न्यूरॉलॉजिस्टकडे जा. आईबद्दल एक गोष्ट नीट आठवून डॉक्टरांना सांगा : तिचा त्रास साधारण कितव्या वर्षी सुरू झाला. साठीच्या आत असेल तर आनुवंशिकतेचा वेगळा विचार करतात. सत्तरी-ऐंशीत सुरू झाला असेल तर तुमचा धोका थोडा वाढतो, पण तुमच्या कपाळी तेच लिहिलंय असा अर्थ होत नाही.

हळदीकुंकवातल्या गोंधळाचा दोष सगळा मेंदूवर टाकण्याआधी कानही तपासून घ्या. साठीनंतर उच्च पट्टीचे आवाज आधी कमी होतात, शांत खोलीत सगळं ऐकू येतं आणि गर्दीत शब्द निसटतात. ऑडिओमेट्री नावाची साधी तपासणी असते, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे होते. ऐकण्यातच मेंदूची शक्ती खर्च झाली तर लक्षात ठेवायला ती उरत नाही.

आता ठिपक्यांकडे. एमआरआयच्या फ्लेअर नावाच्या चित्रात मेंदूभोवतालचं पाणी काळं दिसतं आणि ऊतकात शिरलेलं जास्तीचं पाणी पांढरं उजळतं. जिथे वेष्टण विरळ झालं, बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कडक झाल्या, तिथे असं उजळ दिसतं. फ्रान्झ फाझेकास आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली त्याची श्रेणी ठरवली. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांच्या कडेने पेन्सिलीच्या रेघेसारखा पातळ काठ किंवा टोकांना टोपीसारखा ठिपका म्हणजे ग्रेड १. त्या कडेची एकसंध झालर झाली की २. ओबडधोबड होऊन खोल पसरली की ३. एकचा अर्थ फारसा नसतो. दोन आणि तीनमध्ये पक्षाघात, चालण्यातला मंदपणा आणि स्मृतिभ्रंश यांचा धोका वाढलेला आढळतो. आपल्याला एकचं दोन होण्याचा वेग कमी करायचा आहे.

हे ठिपके नेमके तिथेच का पडतात, हे सांगलीकराला लवकर कळेल. खोल श्वेतद्रव्याला रक्त देणाऱ्या धमन्या लांब, केसासारख्या बारीक आणि टोकाला संपणाऱ्या असतात, शेजारून मदत मिळण्याची सोय जवळजवळ नसते. कालव्याच्या टेलचं, म्हणजे शेवटच्या टोकाचं, शेत जसं. कालव्यात पाण्याचा जोर वर्षानुवर्षं जास्त राहिला तर अस्तर खराब होतं. पण जोर एकाएकी कमी झाला तर सगळ्यात आधी पाणी तुटतं ते टेललाच. म्हणून रक्तदाब चढलेला राहणंही वाईट आणि औषधाने फार खाली जाणंही वाईट. तुमच्या चक्करेचा संबंध इथे असू शकतो.

चढत्या बाजूचा पुरावा भक्कम आहे. अमेरिकेतल्या स्प्रिंट माइंड चाचणीत एका गटाचा वरचा दाब १२०च्या खाली आणि दुसऱ्याचा १४०च्या खाली ठेवायचा प्रयत्न केला. सुमारे चार वर्षांत पहिल्या गटात ठिपक्यांचं आकारमान सरासरी ०.९२ घनसेंटिमीटरने वाढलं, दुसऱ्यात १.४५. २०१९ साली हे निष्कर्ष आले. त्या चाचणीत मधुमेह किंवा आधी पक्षाघात झालेले लोक घेतले नव्हते आणि उभं राहिल्यावर ज्यांचा वरचा दाब ११०च्या खाली होता तेही नव्हते. म्हणून १२० हा आकडा तुम्हाला जसाच्या तसा लावायचा नाही. तुमचं लक्ष्य डॉक्टर ठरवतील, पण त्यासाठी त्यांच्या हातात खरे आकडे हवेत. दवाखान्यात घाईत घेतलेला एक आकडा पुरेसा नाही.

मोजायचं असं. दंडावर पट्टा बांधायचं डिजिटल यंत्र घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या घेराला बसणारा हवा. आखूड पट्टा दाब खोटा जास्त दाखवतो, आणि घट्ट बाहीवरून बांधला तरी आकडा चुकतो. चहा, तंबाखू, मिसरी, व्यायाम यांना अर्धा तास होऊ द्या, लघवी करून या. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पायावर पाय टाकायचा नाही, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी गोळी घेण्याआधी आणि रात्री जेवणाआधी, असे सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. हिशेब तुम्हाला जड नाही. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर दाब आटोक्यात नाही असं समजतात.

यातले दोन-तीन दिवस आणखी एक मोजणी करा, तुमच्यासाठी हीच महत्त्वाची. सकाळी पाच मिनिटं आडवं पडून दाब घ्या, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्या. जवळ कुणीतरी असू द्या, मागे खुर्ची ठेवा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडला तर ते डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवा. गोळीचा प्रकार, मात्रा किंवा वेळ बदलून हे बहुधा सुधारतं. स्वतःहून गोळी अर्धी करू नका, बंद तर नकोच. दाब एकदम उसळतो. दाखवेपर्यंत पहाटे उठताना पलंगाच्या काठावर दोन मिनिटं बसा, पोटऱ्या आवळा-सोडा, मग उभ्या राहा.

तुमच्या पत्रातली दुसरी ठळक गोष्ट म्हणजे शाकाहार आणि अ‍ॅसिडिटीची रोजची गोळी. बी१२ हे जीवनसत्त्व मायलिन टिकायला लागतं. ते नैसर्गिकरीत्या प्राणिज पदार्थांतूनच मिळतं, म्हणजे शाकाहाऱ्याला फक्त दुधातून, आणि अन्नातून ते सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं. ते आम्ल तुम्ही रोज गोळीने दाबता आहात. या दोन्हींमुळे बी१२ कमी असण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्याची लक्षणं म्हणजे पायाला मुंग्या, अंधारात तोल जाणं, विसरभोळेपणा. रक्तात मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता, २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. सोबत टीएसएच म्हणजे थायरॉइडचीही तपासणी करा. कमतरता निघाली तर गोळी की इंजेक्शन ते डॉक्टर ठरवतील. तोवर नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेऊ नका. त्याने रक्तातली लक्षणं झाकली जातात आणि मज्जातंतूंचं नुकसान आत चालू राहतं. अ‍ॅसिडिटीची गोळी अजून लागते का, हेही विचारा. बऱ्याचदा ती दोन महिन्यांसाठी लिहिलेली असते आणि वर्षानुवर्षं चालू राहते.

मुलाची तळमळ समजते, पण डीटीआयसाठी बंगळुरूला जायची गरज नाही. श्वेतद्रव्यात पाण्याचे रेणू तंतूंच्या दिशेने सहज सरकतात, आडवे कमी. त्यावरून तंतूंची दिशा आणि घट्टपणा मोजायची ही पद्धत १९९४ च्या सुमारास आली, आणि वाढत्या वयातल्या बदलांबद्दल आज जे कळलंय त्यातलं बरंच तिच्यामुळेच. ती शून्य ते एकमधला एक आकडा देते. शेकडो लोकांची सरासरी काढायला तो उत्तम. एकट्या माणसासाठी अडचणी येतात. एमआरआयचं चित्र ज्या छोट्या ठोकळ्यांचं बनतं, त्यातल्या एकाची बाजू साधारण दोन मिलिमीटर असते आणि त्यात तंतूंचे दोन-तीन जुडगे एकमेकांना छेदत असले, जे फार ठिकाणी असतं, तर तंतू धडधाकट असूनही आकडा कमी येतो. डोकं किंचित हललं तरी तो बदलतो, यंत्र बदललं तरी बदलतो. आणि आकडा काहीही आला तरी तुमचे उपचार तेच राहतील. त्या पैशात चांगलं बीपी यंत्र, बी१२, टीएसएच आणि ऑडिओमेट्री होऊन वर उरतील. साधा एमआरआयसुद्धा दरवर्षी करू नका. पुढे कधी करावाच लागला तर शक्यतो त्याच यंत्रावर करा आणि जुनी सीडी बरोबर न्या. १.५ टेस्ला आणि ३ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे यंत्रातल्या चुंबकाच्या ताकदीचं माप) चित्रांत तेच ठिपके कमी-जास्त दिसतात, मग 'वाढलं' असं उगाच लिहून येतं.

अ‍ॅस्पिरिन घेऊ नका. पक्षाघात नाही, हृदयविकार नाही, स्टेंट नाही, अशा माणसाने नुसत्या ठिपक्यांसाठी ती घ्यायची नसते. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ निरोगी ज्येष्ठांवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅस्प्री चाचणीत रोजच्या अ‍ॅस्पिरिनने स्मृतिभ्रंश टळला नाही, मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण मात्र वाढलं. तुमचं जठर आधीच नाजूक आहे. शेजारच्या बाईंना ती हृदयासाठी दिलेली असेल तर त्यांनी मात्र स्वतःहून सोडू नये.

बाकीचं थोडक्यात. मीठ दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा, आणि लोणचं-पापड-फरसाण त्यातच धरायचं. आठवड्यात १५० मिनिटं अशा वेगाने चाला की बोलता येईल पण गाता येणार नाही. तीन दिवस तोलाचा व्यायाम करा : स्वयंपाकाच्या ओट्याला हात लावून एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचं बोट चिकटवून दहा सेकंद, मग हात सोडून. मोठ्याने घोरत असाल आणि दिवसा पेंग येत असेल तर झोपेची तपासणी सांगा, कारण झोपेत श्वास अडकण्यानेही दाब चढतो.

शिकण्याबद्दल एक उमेदीची गोष्ट आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००९ साली दाखवलं की सहा आठवडे तीन चेंडू एकामागून एक उडवून झेलायला शिकल्यावर श्वेतद्रव्यातला तो डीटीआयचा आकडा वाढला. ती माणसं तरुण होती, त्यामुळे अडुसष्टीत तितकंच होईल असं आम्ही म्हणणार नाही. पण तंतू वापराने बदलतात हे त्यातून दिसतं. हात, कान आणि लक्ष तिन्ही लागेल असं काहीतरी नवं घ्या, हार्मोनियम किंवा नवी विणकामाची नक्षी. मोबाइलवरच्या 'मेंदूच्या खेळांनी' बहुतेक तो खेळच सुधारतो.

दर सहा महिन्यांनी घरी दोन मापं घ्या. जमिनीवर खडूने चार मीटर आखा, नेहमीच्या चालीने चाला. पाच सेकंदांहून जास्त लागले तर चाल मंद. हात छातीवर बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसा. पंधरा सेकंदांहून जास्त लागले तर पायांत ताकद कमी. श्वेतद्रव्यातला बदल कित्येकदा विसरण्याच्या आधी चालण्यात उमटतो. पावलं जमिनीला चिकटल्यासारखी वाटू लागली, बोलायचं झालं की चालता चालता थांबावं लागू लागलं, किंवा लघवीची घाई आवरेनाशी झाली, तर सहा महिने थांबू नका.

आणि चेहरा एका बाजूला उतरला, एक हात पडला, बोलणं अडखळलं, तर ते वयाचं नसतं. १०८ ला फोन करून सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात थेट जा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून लक्षण कधी सुरू झालं ती वेळ घरच्यांनी लिहून ठेवावी.

राहिली भिशीची वही. ती देऊन टाकू नका. सकाळी ताज्या डोक्याने बसा, टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत, एका वेळी एकच रकाना. तास लागला तर लागू दे. मैत्रिणींपैकी एकीला महिन्यातून एकदा नुसती बेरीज तपासायला सांगा, आणि पानाच्या कोपऱ्यात त्या दिवशी किती मिनिटं लागली आणि किती चुका सापडल्या ते लिहीत जा. मिनिटं हळूहळू वाढली तर चालेल. चुका सलग दोन-तीन महिने वाढत गेल्या तर तीच वही डॉक्टरांकडे घेऊन जा.